मिडी नोट्सचे संपादन : आज्ञा देण्याआधीची निवड

खर्ज_षड्ज (धागाकर्ता)

नागपुरात एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत घरच्या खोलीत माईक लावून हार्मोनियम मुद्रित करणे फार कठीण असते. कूलर चालू ठेवला तर त्याची घरघर मुद्रणात उतरते आणि बंद केला तर वाजवणारा दोन अंतऱ्यांत घामाघूम होतो. त्यामुळे येथील भजनी मंडळांच्या, भीमगीतांच्या आणि गणपतीच्या गाण्यांच्या साथीचा बराचसा भाग आता मिडी कीबोर्डवर (यात आवाज नव्हे, दाबलेल्या पट्ट्यांची नोंद होते) वाजवला जातो आणि नंतर संगणकावर दुरुस्त केला जातो. या दुरुस्तीविषयी, म्हणजे पियानो रोलमध्ये (नोट्स आडव्या पट्ट्यांसारख्या दाखवणाऱ्या खिडकीत) नोट्स निवडणे, सरकवणे, लांब-आखूड करणे आणि त्यांचा जोर कमी-जास्त करणे याविषयी, येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

मिडीचे संपादन बिघडते ते बहुतेक वेळा निवडीत, असे माझे ठाम मत आहे. क्वांटाइझ (नोट्स ग्रिडच्या, म्हणजे ठोक्यांच्या, रेघांवर ओढणे), ट्रान्सपोज (पट्टी बदलणे), व्हेलॉसिटी (नोटेचा जोर) बदलणे या आज्ञा साध्या असतात आणि सांगितले तेवढेच काम करतात. पण कंट्रोल आणि ए दाबून सगळ्या नोट्स एकदम त्यांच्या हवाली केल्या, की ज्यांना हात लावायचा नव्हता त्याही बदलून जातात आणि गाणे ऐकताना काहीतरी हरवल्यासारखे वाटते, पण नेमके काय हरवले ते सापडत नाही.

याचे कारण मिडीच्या रचनेतच आहे. १९८३ साली रोलंडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने ही पद्धत प्रत्यक्षात आली, तेव्हा एका कंपनीच्या कीबोर्डने दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड वाजवता यावा हा तिचा मुख्य हेतू होता. म्हणून मिडीत आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली (० ते १२७ यांपैकी एक क्रमांक), किती जोराने दाबली (१ ते १२७) आणि ती केव्हा सोडली, एवढीच माहिती तिच्यात प्रत्येक नोटेविषयी असते. कोणती नोट सम आहे, कोणती कणस्वर आहे, कोणती मुद्दाम किंचित मागे ठेवलेली आहे, हे त्या माहितीत कुठेच लिहिलेले नसते. ते वाजवणाऱ्याला ठाऊक असते आणि संपादन करणाऱ्याने ते निवडीतून सांगायचे असते.

एक उदाहरण जवळून पाहू. गाण्याची साथ काळी चारमध्ये (म्हणजे चौथी काळी पट्टी षड्ज धरून) तयार आहे आणि गायिका म्हणते, मला काळी पाच हवी. अंतर दोन अर्धस्वरांचे आहे. आपण सर्व ट्रॅक उघडून सगळ्या नोट्स निवडतो आणि दोन घरे वर सरकवतो. हार्मोनियम, बासरी आणि बेस गिटार बरोबर जागी जातात. पण तालवाद्यांच्या ट्रॅकवर नोटेचा क्रमांक म्हणजे स्वर नसतो, तेथे तो वाद्याची ओळख असतो. जनरल मिडी या ठरलेल्या प्रमाणाच्या नकाशात ३६ म्हणजे बेस ड्रम आणि ३८ म्हणजे स्नेअर. दोन घरे वर सरकवल्याबरोबर प्रत्येक बेस ड्रमच्या जागी स्नेअर वाजू लागतो. ५४ वरची टॅम्बुरीन ५६ वर जाते आणि तेथे काऊबेल असते. तबल्याच्या सँपल लायब्ररीत (मुद्रित केलेल्या खऱ्या आवाजांच्या संग्रहात) तर प्रत्येक पट्टीवर वेगळा बोल ठेवलेला असतो, त्यामुळे "धा" दाबून ठेवलेल्या जागी कोणता बोल येईल ते त्या लायब्ररीच्या मांडणीवर अवलंबून राहते. एवढा मोठा बिघाड निदान लगेच ऐकू येतो आणि आपण मागे फिरतो. त्रास होतो तो लहान बिघाडांचा.

असा एक लहान बिघाड कणस्वराचा आहे. हार्मोनियमवर वाजवणारा मुख्य स्वराच्या किंचित आधी शेजारच्या स्वराला निसटता स्पर्श करतो. लय १०० असेल तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा होतो आणि सोळांशाचे एक घर १५० मिलिसेकंदांचे. कण मुख्य स्वराच्या ४० मिलिसेकंद आधी असेल, तर सर्व नोट्स निवडून सोळांशावर शंभर टक्के क्वांटाइझ केल्यावर कण आणि मुख्य स्वर दोघेही एकाच रेघेवर येऊन बसतात. जेथे स्पर्श होता तेथे दोन शेजारचे स्वर एकदम वाजू लागतात आणि कानाला ते बेसूर वाटते. पडद्यावर मात्र सर्व काही सरळ रेषेत आणि नीटनेटके दिसते, हाच त्यातला धोका आहे. यावर उपाय असा की, आधी लांबीनुसार निवड करावी, एक-बत्तिसांशापेक्षा आखूड नोट्स वगळाव्यात, उरलेल्या मुख्य स्वरांना क्वांटाइझची ताकद ५० ते ६० टक्के ठेवून हलके ओढावे आणि मग प्रत्येक कण आपला मुख्य स्वर जेवढा सरकला तेवढाच हाताने सरकवावा. वेळ लागतो, पण हार्मोनियम हार्मोनियमसारखी राहते.

निवडीची साधने सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, फक्त ती शोधावी लागतात. एफएल स्टुडिओमध्ये कंट्रोल दाबून माउस ओढला की चौकटीतल्या नोट्स निवडल्या जातात. रीपरच्या मिडी एडिटरमध्ये तेच काम उजवे बटण दाबून ओढल्याने होते. लॉजिकमध्ये डावीकडच्या पियानोची पट्टी दाबली की त्या स्वराच्या सर्व नोट्स निवडल्या जातात, आणि क्यूबेसमध्ये तीच गोष्ट कंट्रोल दाबून पट्टीवर क्लिक केल्याने होते. त्यापुढे जाऊन क्यूबेसचा लॉजिकल एडिटर आणि लॉजिकची मिडी ट्रान्सफॉर्म ही खिडकी अटी लावून निवड करू देतात: अमुक स्वराच्या वरच्या, अमुक लांबीपेक्षा आखूड, अमुक जोरापेक्षा हळू. एबलटन लाइव्हच्या २०२४ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीत स्वर, वेळ, जोर आणि लांबी यांनुसार नोट्स शोधून निवडण्याची सोय क्लिपमध्येच दिली आहे. माझ्या दृष्टीने त्या आवृत्तीतील ही सर्वांत उपयोगी भर आहे, जरी तिची चर्चा कमी होते.

व्हेलॉसिटीविषयी एकच सांगतो. एखादा ट्रॅक हळू वाटला म्हणून सर्व नोट्सच्या जोरात २० मिळवले, तर ६०, ९० आणि ११८ या तीन नोट्स ८०, ११० आणि १२७ होतात. ११८ ला १३८ होता येत नाही, कारण छत १२७ चे आहे. नंतर तेच २० परत वजा केले की ६०, ९०, १०७ उरतात. सर्वांत जोरदार नोटेचा उठाव कायमचा गेलेला असतो. केवळ आवाज वाढवायचा असेल तर ट्रॅकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर करावा. जोर बदलायचाच असेल तर ज्या नोट्स खरोखर दबलेल्या आहेत तेवढ्याच निवडाव्यात.

आपण कोणते सॉफ्टवेअर वापरता आणि निवड कशी करता, हे कृपया उदाहरणासह लिहावे. खंजिरीच्या ठेक्याचे संपादन कोणी नियमित करत असेल तर त्यांच्याकडून विशेष ऐकायला आवडेल.

---

नवा_कीबोर्ड

लेख अतिशय उपयुक्त आहे. माझा प्रश्न पट्टी बदलण्याविषयीच आहे. मी एफएल स्टुडिओ वापरतो. बासरीच्या एका लायब्ररीवर मुखडा वाजवला होता. गायकांना काळी एकऐवजी पांढरी दोन हवी होती, म्हणून फक्त बासरीच्या नोट्स निवडून शिफ्ट आणि वरचा बाण एकदा दाबला. तालवाद्यांना अजिबात हात लावला नाही. तरीही बासरीचा बाज एकदम बदलला. जेथे लांब, संथ फुंकर होती तेथे तुटक आवाज येऊ लागला. सूर मात्र बरोबर आहेत. हे कशामुळे होत असेल?

---

खर्ज_षड्ज (धागाकर्ता)

आपल्या बासरीच्या ट्रॅकवर अगदी खालच्या सप्तकात काही एकाकी नोट्स असतील, त्या पाहाव्यात. अनेक लायब्ऱ्यांमध्ये वाजवण्याची पद्धत बदलण्यासाठी खालच्या काही पट्ट्या राखून ठेवलेल्या असतात. त्यांना कीस्विच म्हणतात. त्या पट्टीतून आवाज येत नाही, ती फक्त "आता लांब फुंकर", "आता तुटक" असा आदेश देते. आपण सगळ्या नोट्स एक घर वर नेल्या तेव्हा त्या आदेशाच्या नोट्सही शेजारच्या पट्टीवर गेल्या आणि शेजारी दुसरा आदेश होता.

बदल मागे घ्यावा, चौकट फक्त वरच्या सप्तकातील प्रत्यक्ष स्वरांभोवती ओढावी आणि मग पुन्हा एक घर वर न्यावे. याहून चांगली सवय म्हणजे कीस्विचच्या नोट्स वेगळ्या रंगात ठेवणे. एफएलच्या पियानो रोलमध्ये नोटांना रंगाचे गट देता येतात. मात्र त्या रंगांना मिडी चॅनेलचाही अर्थ असतो, त्यामुळे आपली लायब्ररी सर्व चॅनेलना सारखाच प्रतिसाद देते ना, हे आधी वाजवून पाहावे.

आणखी एक खबरदारी. लायब्ररीच्या माहितीपत्रकात "कीस्विच सी एक वर आहे" असे लिहिलेले असले तरी प्रत्येक सॉफ्टवेअरचे सी एक वेगळे असते. मिडीतील ६० क्रमांकाच्या नोटेला क्यूबेस आणि लाइव्ह सी तीन म्हणतात, कित्येक ठिकाणी तिला सी चार म्हणतात आणि एफएल स्टुडिओ सी पाच म्हणतो. पट्टी सापडत नसेल तर नावावर विसंबू नये, क्रमांकाने शोधावी.

---

नवा_कीबोर्ड

खाली खरोखरच चार नोट्स होत्या. त्या परत जागेवर ठेवल्यावर बासरी पूर्ववत झाली. मनापासून आभार.

---

विलंबित_लय

धागाकर्त्यांच्या बऱ्याच मुद्द्यांशी सहमत आहे, पण एका ठिकाणी मतभेद नोंदवतो. सर्व नोट्स निवडून शंभर टक्के क्वांटाइझ करणे सरसकट वाईट आहे, असा सूर या लेखातून निघतो, आणि तो मला एकांगी वाटतो. मिरवणुकीत मोठ्या स्पीकरवर वाजणाऱ्या गाण्यांचे काम मी करतो. तेथे बेस ड्रम, बेस गिटार आणि टाळी हे तिन्ही एकाच क्षणी पडले नाहीत तर खालचा धक्का विस्कटतो. दोन बेस आवाज दहा-पंधरा मिलिसेकंदांनी पुढे-मागे पडले की ते एकमेकांना काही वारंवारतांवर कापतात आणि ठोका पोकळ ऐकू येतो. घरच्या लहान स्पीकरवर हे कळत नाही, रस्त्यावर लगेच कळते. अशा कामात मी निःसंकोचपणे सगळे निवडतो आणि रेघेवर बसवतो. माणूसपण गायकाच्या आवाजात पुरेसे असते. ठेका यंत्रासारखा असला तरी ऐकणाऱ्यांची तक्रार नसते, उलट पावले पडायला तोच हवा असतो.

---

खर्ज_षड्ज (धागाकर्ता)

आपला मुद्दा रास्त आहे आणि बेसच्या बाबतीत मी तो पूर्णपणे मान्य करतो. तरीही आपण सांगितलेले काम मला निवडीचेच वाटते, कारण आपण बेस ड्रम, बेस गिटार आणि टाळी हे तिघे मिळून एक ठोका आहेत असे आधी ठरवले आणि मग त्यांना एकत्र बांधले. त्याच गाण्यातील ढोलकीच्या बारीक फिरत्यांनाही आपण तसेच बांधता का, हे जाणून घ्यायला आवडेल.

सगळे निवडणेच योग्य असते असा आणखी एक प्रसंग आहे. बफर (संगणक आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो तो तुकडा) ५१२ सँपलचा असेल तर ४४.१ किलोहर्ट्झवर केवळ त्या बफरपायी सुमारे ११.६ मिलिसेकंदांचा उशीर होतो. वादकाला आपला आवाज उशिरा ऐकू येतो, तो नकळत थोडे आधी वाजवू लागतो, आणि संपूर्ण ट्रॅक सारखाच ठोक्याच्या आधी पडलेला असतो. अशा वेळी क्वांटाइझ करू नये. सर्व नोट्स निवडून, ग्रिडची पकड बंद करून, त्या सगळ्या मिळून तेवढ्याच अंतराने मागे, म्हणजे उशिरा पडतील अशा, सरकवाव्यात. वाजवण्यातील आपापसांतील अंतरे जशीच्या तशी राहतात आणि उशिराची भरपाई होते.

---

विलंबित_लय

ढोलकीच्या फिरत्या मी बांधत नाही. त्या बांधल्या तर ढोलकी मशीनगनसारखी वाजते. फक्त फिरत संपून जेथे समेवर येते तो ठोका बसवतो.

---

खंजिरी_ठेका

मला विचारले आहे असे समजून लिहितो. आमच्या मंडळात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरी भजने होतात. जेथे प्रत्यक्ष खंजिरी मुद्रित करणे शक्य असते तेथे आम्ही तीच करतो, कारण खंजिरीच्या चकत्यांचा झणका कोणत्याही सँपलमध्ये पूर्ण येत नाही. पण कार्यक्रमाआधी मंडळातील सर्वांना सरावासाठी ट्रॅक द्यायचा असतो, तेव्हा मी तो मिडीवर बनवतो.

मी लॉजिक वापरतो. खंजिरीवर थाप एका पट्टीवर, बोटांचे बारीक ठोके दुसऱ्या पट्टीवर आणि केवळ हलवल्याचा झणका तिसऱ्या पट्टीवर ठेवतो. केहरव्याच्या अंगाने ठेका वाजवून झाला की पहिल्या आवर्तनातील पहिल्या मात्रेची थाप निवडतो आणि निवडीच्या सूचीतील समान उपस्थान असलेल्या नोट्स निवडण्याची आज्ञा देतो. या आज्ञेने प्रत्येक मोजमापात (बारमध्ये) त्याच जागी पडलेल्या सर्व नोट्स एकदम निवडल्या जातात. मात्र ती नेमकी तीच जागा पाहते. हाताने वाजवलेली थाप प्रत्येक आवर्तनात थोडी पुढे-मागे पडलेली असते, त्यामुळे कच्च्या मुद्रणावर ती पुष्कळशा थापा सोडून देते. म्हणून आधी थापेच्या पट्टीवर क्लिक करून फक्त थापा निवडतो आणि तेवढ्याच पूर्ण क्वांटाइझ करतो. त्यानंतर समान जागेची निवड अचूक चालते, आणि मग समेच्या थापा थोड्या जोरात, पाचव्या मात्रेच्या थोड्या हळू, असे एका फटक्यात करता येते.

बोटांच्या ठोक्यांना मी अजिबात क्वांटाइझ करत नाही. भजन चढत जाते तेव्हा ते ठोके किंचित पुढे झुकतात, आणि तेच ऐकून टाळकऱ्यांचा हात उचलतो. झणक्याच्या नोट्सची फक्त लांबी पाहतो. काही सँपलमध्ये पट्टी सोडल्याबरोबर आवाज तुटतो. तसे असेल तर झणक्याच्या सर्व नोट्स निवडून त्यांची शेपटी पुढच्या थापेपर्यंत लांबवतो. सुरुवातीला हात लावत नाही, शेवटालाच लावतो.

---

काळी_पाच

नोट्स निवडल्या तरी त्यांच्याबरोबर जायला हवे ते सारे निवडले जातेच असे नाही, हा मुद्दा येथे यायला हवा. मी कीबोर्डच्या चाकाने मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) घेते. पिच बेंड, म्हणजे चाकाने सूर वर-खाली वाकवल्याची नोंद, ही नोटेच्या आतली माहिती नसते, ती त्या चॅनेलची असते आणि खाली वेगळ्या पट्ट्यात काढलेली दिसते. मधली दोन आवर्तने पुढे सरकवली आणि पिच बेंड तेथेच राहिला, तर मींड भलत्याच स्वरावर पडते आणि जेथे ती हवी होती तेथे सूर कोरडा राहतो. चाक परत मध्यावर आल्याची नोंद कापताना निसटली, तर त्यापुढचे संपूर्ण गाणे एका बाजूला झुकलेल्या सुरात वाजते. तपासण्यासाठी एक खूण सांगते: पिच बेंड ० ते १६३८३ मध्ये मोजला जातो आणि मध्य ८१९२ असतो. प्रत्येक मींड संपल्यावर रेघ त्या मध्यावर परत आलेली दिसली पाहिजे.

दुसरी गोष्ट बेंडच्या पल्ल्याची. सर्वसाधारणपणे तो वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर असतो. षड्जावरून शुद्ध गंधारापर्यंत मींड घ्यायची तर चार अर्धस्वर लागतात, म्हणून वाद्याचा पल्ला वाढवावा लागतो. पण आधी दोनच्या पल्ल्यावर मुद्रित केलेली मींड तशीच ठेवून नंतर पल्ला बारा केला, तर तीच रेघ सहापट मोठी मींड वाजवते. पल्ला मुद्रणाआधी ठरवावा आणि मग बदलू नये.

आणि तिसरी अडचण अशी की, पिच बेंड चॅनेलभर लागू होत असल्यामुळे खाली षड्ज धरून वर गंधारावर आंदोलन घेतले तर षड्जही त्याबरोबर हलतो. दरबारीतील कोमल गंधारासारख्या जागी हे चालणारच नाही. धरलेला षड्ज निवडून, कापून, वेगळ्या ट्रॅकवर ठेवणे हा साधा उपाय मी करते.

---

खर्ज_षड्ज (धागाकर्ता)

काळी_पाच यांनी अतिशय महत्त्वाचे लिहिले आहे. त्यांच्या तिसऱ्या अडचणीसाठीच एमपीई ही पद्धत आली आणि २०१८ साली ती मिडीच्या अधिकृत प्रमाणात समाविष्ट झाली. तिच्यात वाजत असलेल्या प्रत्येक नोटेला आपापले चॅनेल मिळते, त्यामुळे गंधार हलतो आणि षड्ज स्थिर राहतो. लाइव्हमध्ये अशी माहिती नोटेलाच जोडलेली असते; नोट सरकवली की तिची मींड तिच्याबरोबर जाते. साधा पिच बेंड मात्र तेथेही क्लिपच्या स्वतंत्र पट्ट्यात असतो आणि नोटेमागे जात नाही. अर्थात वाद्याच्या प्लगइनलाही एमपीई समजले पाहिजे, आणि आपल्याकडच्या अनेक सँपल लायब्ऱ्यांना ते समजत नाही. त्यामुळे धरलेला स्वर वेगळ्या ट्रॅकवर ठेवण्याचा त्यांचा उपाय आजही सर्वांत भरवशाचा आहे.

याच जातीची आणखी एक गोष्ट सस्टेन पेडलची आहे, ६४ क्रमांकाच्या कंट्रोलरची. पेडल दाबल्याची नोंद एका तुकड्यात आणि सोडल्याची नोंद दुसऱ्या तुकड्यात अशी कात्री बसली, की स्वर एकमेकांवर चढत राहतात. तुकडा कापण्याआधी खालचा पेडलचा पट्टा उघडून पाहावा आणि पेडल सुटलेले असेल अशाच जागी कापावे.

---

नवा_कीबोर्ड

पुन्हा एक शंका. एकाच ओळीवर दोनदा मुद्रण केल्यावर काही स्वर नाकातून आल्यासारखे, पोकळ ऐकू येतात. पडद्यावर एकच नोट दिसते.

---

खंजिरी_ठेका

एका नोटेखाली दुसरी नोट दडली आहे. तोच आवाज जवळजवळ एकाच क्षणी दोनदा वाजतो, म्हणून तो पोकळ वाटतो. नोट उचलून बाजूला करून पाहा, खाली दुसरी सापडेल. लॉजिकमध्ये एकावर एक आलेल्या नोट्स निवडण्याची आणि दुहेरी नोट्स काढून टाकण्याची वेगळी आज्ञा आहे, क्यूबेसमध्येही दुहेरी नोट्स काढता येतात. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती सापडली नाही तर एकेक स्वर हाताने तपासावा. दोन्हींपैकी कोणती ठेवायची हे मात्र ऐकून ठरवा. आज्ञा त्यांतली एक ठेवते, आणि ती आपल्याला हवी तीच असेल असे नाही.

---

मात्रा_सात

माझी अडचण तालाची आहे. रूपकातील एक रचना मी साथीसाठी लिहीत आहे. सॉफ्टवेअर उघडले की मोजमाप आपोआप चार-चतुर्थांश येते आणि ग्रिडच्या जाड रेघा चार-चार ठोक्यांवर पडतात. त्यामुळे एखादे आवर्तन निवडायला गेलो की माझी चौकट नेहमी चुकीच्या जागी सुरू होते. दुसरे असे की, गायक मेट्रोनोम न लावता गायले आहेत आणि शेवटाकडे लय चढलेली आहे. त्या गायनावर मी हार्मोनियम वाजवली. आता हार्मोनियमच्या नोट्स ग्रिडवर बसवल्या तर गायनाशी जमत नाहीत आणि न बसवल्या तर कुठे काय आहे हे दिसत नाही.

---

खर्ज_षड्ज (धागाकर्ता)

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. एक मात्रा म्हणजे एक अष्टमांश धरून मोजमाप सात-अष्टमांश करावे. रूपकाच्या सात मात्रांचे एक आवर्तन मग बरोबर एका मोजमापात बसते आणि चौकट आवर्तनाच्या सुरुवातीपासून ओढता येते. तीन-दोन-दोन हे विभाग काही सॉफ्टवेअरमध्ये दाखवता येतात. येत नसतील तर चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर मार्कर ठेवावेत. एक काळजी घ्यावी: रूपकात पहिली मात्राच खालीची, म्हणजे बिनजोराची, असते, त्यामुळे मोजमापाच्या पहिल्या ठोक्याला आपोआप जोर देणारे साचे किंवा ग्रूव्ह येथे वापरू नयेत. ते साचे खालीला भरीसारखे वाजवतात आणि ठेक्याचा अर्थच बदलतो.

दुसऱ्या भागासाठी नोट्सना हात लावूच नये, ग्रिड हलवावे. गायन हे येथे मूळ आहे, म्हणून सॉफ्टवेअरच्या मोजमापाच्या रेघा गायनाच्या मात्रांवर नेऊन ठेवाव्यात. क्यूबेसमध्ये त्यासाठी टाइम वॉर्प हे साधन आहे, लॉजिकमध्ये बीट मॅपिंग आहे, रीपरमध्ये टेम्पोचे मार्कर ठेवता येतात. प्रत्येक मात्रेवर मार्कर ठेवण्याचा मोह टाळावा. एका आवर्तनाला एक, म्हणजे फक्त पहिल्या मात्रेवर, पुरेसा होतो. अधिक मार्कर ठेवले तर आवर्तनाच्या आतला गायकाचा सैलपणाही ग्रिडमध्ये शिरतो आणि मग त्या ग्रिडवर बसवलेले प्रत्येक वाद्य अडखळल्यासारखे वाजते.

हे करण्याआधी एक गोष्ट अवश्य तपासावी. हार्मोनियमचा ट्रॅक लयीला बांधलेला आहे की घड्याळाच्या वेळेला, हे पाहावे. मिडी ट्रॅक सहसा लयीला बांधलेले असतात, त्यामुळे टेम्पो बदलला की त्यांच्या नोट्सही सरकतात आणि आपण ज्या गायनावर त्या वाजवल्या त्याच्यापासून त्या तुटतात. म्हणून मार्कर ठेवण्यापुरता गायन आणि हार्मोनियम हे दोन्ही ट्रॅक वेळेला बांधावेत. सगळे मार्कर बसले, मेट्रोनोम लावून गायन शेवटपर्यंत ऐकले आणि टकटक बरोबर पडते आहे अशी खात्री झाली, की हार्मोनियम पुन्हा लयीला बांधावी. मग कणस्वर वगळून, समेवरच्या तेवढ्याच नोट्स निवडाव्यात आणि त्यांना ३० ते ४० टक्क्यांनी ग्रिडकडे ओढून पाहावे. शेवटच्या चढत्या लयीच्या भागात आधी काहीच निवडू नये. नवे ग्रिड बसल्यावर तो भाग बहुधा आपोआपच पुरेसा जुळलेला आढळेल.

---

मात्रा_सात

मार्कर आवर्तनागणिक एक याप्रमाणे बसवले आणि हार्मोनियम वेळेला बांधून ठेवली होती. चढत्या भागात खरोखर काही करावे लागले नाही. मधल्या अंतऱ्यात मात्र दोन ठिकाणी हार्मोनियमची सम गायनाच्या आधी पडत होती. तेवढ्याच नोट्स निवडून, ग्रिडची पकड बंद ठेवून, कानाने ऐकत मागे घेतल्या. आता टाळीच्या मात्रांवर तबल्याचे बोल बसवायला घेतो आहे.

---

काळी_पाच

तबला बसवताना डग्ग्याचा घिस्सा (घसरत जाणारा घुमारा) पिच बेंडने घेणार असाल, तर डग्गा आणि उजवा तबला वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा; एकाच चॅनेलवर राहिले तर घिश्शाबरोबर उजवा तबलाही घसरेल.

---

मात्रा_सात

आभारी आहे. दोन ट्रॅक करून घेतो.